दिवे गेले की अण्णामामा उठायचे

अण्णामामा गेले त्याला आता महिना होत आला. शेवटची भेट इस्पितळातली. बोलणं जवळजवळ थांबलंच होतं... तेवढ्यात वीज गेली आणि मामा कोपरावर भार देऊन उठायला लागले. मी खांदा धरून ठेवला. खाली जनरेटर धडधडला, दिवे आले, तेव्हा कुठे त्यांनी मान उशीवर टाकली.

इंदूरच्या एका कापड गिरणीत मामा पॉवरहाऊस सांभाळत. तेलावर चालणारं एकच इंजिन. शहराची वीज गेली तरी माग थांबू नयेत म्हणून ठेवलेलं. उन्हाळ्यात लाईनवर भार वाढला की वीज मंडळाचा निरोप यायचा, गिरणी स्वतःच्या इंजिनावर जायची आणि तेवढी वीज शहराला मिळायची. अख्ख्या इंदूरचे दिवे ह्यांच्याच जिवावर लागतात, असं मामी चिडवायची. एकदाच मामा गंभीरपणे म्हणाले, "अगं, शहराची बड़ी लाईन थकली तर तिला हात द्यायला कोणी पाहिजे की नाही?"

मग गिरणी बंद पडली. इंजिन चालतं राहिलं तर दुसरीकडे कामाला लागेल, जाम झालं तर भंगारात जाईल, एवढीच धास्ती मामांना होती. पगार नसताना ते रोज जुनी इंदूर भागातल्या घरून सायकलवर जात, तेल घालत, इंजिनचं चाक हातानं फिरवून येत. आम्ही हसायचो. अखेर इंजिनाला गिऱ्हाईक आलं. मामांनी इंजिन सुरू केलं, आणि ते लगेच धडधडायला लागलंसुद्धा! पण तो आवाज गिरणी कामगारांच्या चाळीपर्यंत गेला. गिरणी उघडली असं समजून माणसं डबे घेऊन फाटकाशी आली... "अण्णाजी, चालू झाली ना अपनी मिल?" एकानं विचारलं. मामा आत गेले आणि स्वतःच्या हातानं इंजिन बंद केलं.

इंजिन चालतं म्हणूनच विकलं गेलं. मामांना हवं तेच झालं होतं, तरी ट्रक निघाला तेव्हा ते फाटकापर्यंत आले नाहीत.

त्यानंतर घरी कधीही दिवे गेले की मामा खिडकीजवळच्या खुर्चीतून उठून उभे राहायचे. काय करायचं ते मात्र त्यांना कळायचं नाही. मामी म्हणायची, बसा हो, येईल आपोआप.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी मी मामीकडे असताना वीज गेली. स्वयंपाकघरातून सवयीनं मामीचा आवाज आला, "बसा हो, येईल..."

मी त्या खुर्चीत बसले होते. उठून उभी राहिले.