युसुफच्या आजोबांचा अर्ज

एका टेबलावर सहा वर्षं डबा खाल्ला की एकमेकांच्या घरातल्या गोष्टी आपोआप साठत जातात. आखातातल्या हिद्दच्या आमच्या वर्कशॉपमध्ये तसंच झालं. सुपरवायझर युसुफ अल्जीरियाचा. त्याच्या आजोबांना मी कधी पाहिलं नाही, पण माझ्या आजोबांपेक्षा त्यांचेच किस्से मला जास्त ठाऊक आहेत.

*

आजोबा गावात शाळामास्तर. राज्य फ्रेंचांचं. स्वातंत्र्याची लढाई अजून पेटायची होती. आजोबांनी दारोदार फिरून एका अर्जावर सह्या आणि अंगठे गोळा केले. आम्हाला मत द्या, मुलांना शाळा द्या, आम्ही तुमच्याबरोबर राहतो, असा अर्ज.

फ्रेंच साहेबाने तो वाचला, कॉफी पाजली आणि म्हणाला, "मास्तर, तुमचं फ्रेंच इतकं छान आहे. तुम्हाला काय कमी आहे?"

आजोबा म्हणाले, "माझ्या शेजाऱ्याला फ्रेंच येत नाही."

साहेबाने अर्ज ठेवून घेतला. उत्तर आलं नाही.

*

पुढे त्यांचा लाडका विद्यार्थी डोंगरात, बंदुकवाल्यांकडे निघाला. आधी निरोप घ्यायला आला.

"अजून एक वर्ष थांब," आजोबा म्हणाले.

"मास्तर, माझ्या वडलांनाही तुम्ही हेच सांगितलं होतं."

आजोबांनी त्याला भाकरी बांधून दिली. तो परत आला नाही.

*

हे ऐकून मी बोलून गेलो, "असल्या राज्याकडे कसले अर्ज करायचे?"

आमचा इलेक्ट्रिशियन गायकवाड नागपूरचा. त्याचा घास हातातच राहिला. "माझ्या पणजोबानं विहिरीच्या पाण्यासाठी अर्ज केले होते. अर्ज करणारा भित्रा नसते रे. त्यावर त्याचं नाव राहते, गाव राहते."

युसुफने डब्याचं झाकण लावलं. "यल्ला, चला कामाला," म्हणत उठला. पुढचं त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

*

लढाई पेटली. एका दुपारी शिपाई गावात आले. हातात आजोबांचाच अर्ज. डोंगरातले लोक सापडत नव्हते, अर्जातले घरीच होते. एकेक नाव वाचत त्यांनी माणसं उचलली. पहिलं नाव आजोबांचं.

सगळ्यांना एकाच कोठडीत कोंबलं. आजोबा भिंतीकडे तोंड करून बसले. दोन दिवस त्यांच्याशी कुणी बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी गावचा लोहार सरकत जवळ आला. अर्जावर त्याचा अंगठा होता, शेजारी नाव आजोबांनी लिहिलं होतं.

तो हळूच म्हणाला, "मास्तर, सरकारी माणसाने माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा बरोबर वाचलं."