जुन्या चवीचा पाव

भट्टीपाशी उभं राहून काकांचे पाय कायमचे सुजले होते. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. वीट आला होता तो रेडिओचा. बेकरीत मैद्याच्या पोत्यांच्या वर, फळीवर तो बसलेला. बटणं पिठाने घट्ट चिकटलेली. स्टेशन बदलत नाही, आवाज कमी होत नाही. रोज सकाळी तोच कार्यक्रम आणि तोच गुळमट निवेदक, स्वतःला ‘तुमचा दादा’ म्हणवून घेणारा. आधी कुणाची तरी आठवण, मग ज्ञानात भर घालणारा प्रश्न, मग जुनं गाणं, जाहिराती, आणि सरतेशेवटी उत्तर.

“काय ते दिवस होते,” दादा उसासा टाकायचा. “घरोघरी चुली, तो धुराचा वास...”

“ह्याला कोंडा त्या धुरात,” काका म्हणायचे. त्यांची आई त्याच धुरात खोकून खोकून गेली होती.

मुका हसायचा. मुका म्हणजे पीठ मळणारा. तोंडाला क्षणाची उसंत नाही म्हणून हे नाव पडलेलं.

“काका, सांगा बरं, जिराफाच्या मानेत मणके किती?”

“तुझ्या जिभेला हाड नाही, आणि तू जिराफाचे मणके मोजतोस?”

“सात. आपल्याइतकेच.”

“मग एवढी मान वाढवून मिळवलं काय त्याने?”

पण एक गोष्ट काकांच्या नकळत झाली होती. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा मालक म्हणाला, “रेडिओ आहे की.” तेव्हापासून दादाने प्रश्न विचारला की पावाचे पत्रे भट्टीत जायचे आणि उत्तर सांगितलं की बाहेर यायचे. मधलं गाणं आणि जाहिराती ठरलेल्या, त्यामुळे पावही ठरल्यासारखा भाजायचा. मधेच दार उघडून रंग पाहणं, पावाच्या पाठीवर बोट दाबून पाहणं हळूहळू सुटलं. पीठ जरा कमी मळलं तर मुक्याला फाडून खाणारा हा माणूस, स्वतः मात्र त्या दादाच्या तोंडाकडे कान लावून बसू लागला.

एके दिवशी प्रश्न झाला, पत्रे आत गेले, आणि मधेच कुणीतरी फोनवर आजोबांच्या सायकलसाठी रडू लागलं. दादाने त्याला रडू दिलं. वर त्याच्या आवडीचं एक गाणं लावलं, मग आणखी एक. उत्तर येईना. मुका धुराने खोकला तेव्हा काकांनी भट्टीचं दार उघडलं. सगळ्या पावांच्या पाठी काळ्याठिक्कर.

माल न्यायला आलेले दुकानदार दारात उभे होते. मालक म्हणाला, “जाऊ द्या तसाच.”

माल गेला. काकांना स्वतःची शिसारी आली. धड नाक असताना आपण कानाने भाजत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडून, बोट लावून पाव काढला. रेडिओवर एक बाई बोलत होत्या, “दादा, काल आमच्याकडे पाव आला ना, वरून करपलेला, अगदी लहानपणीसारखा. डोळ्यांत पाणी आलं हो.”

“हीच ती जुनी चव,” दादा गहिवरला. मग तसलेच फोन, एकामागून एक.

मालक लगबगीने आला. “काका, ऐकलंत ना? दुकानांतून मागणी आलीय. उद्यापासून सगळा माल कालच्यासारखा.”

“करपलेला?”

“करपलेला नाही म्हणायचं. जुन्या चवीचा.”

“जुन्या काळी करपलेला पाव मालक भट्टीवाल्याच्या अंगावर फेकायचा. तुमच्या वडिलांनी माझ्या अंगावर फेकलाय.”

मालक खूश झाला. “बघा, हीच आठवण रेडिओवर सांगा. दादा बोलावतोय तुम्हाला.”

“पाव जाळायला मी कशाला हवा?”

“भट्टीवर म्हातारं माणूस दिसलं की लोकांना बरं वाटतं. आणि जमत नसेल तर स्पष्ट सांगा, मुका करेल.”

काकांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे मालकाने विचारलं नाही.

सकाळी पत्रे बाहेर आले. पाठी तांबूस, एकसारख्या.

“हे काय?” मालकाने विचारलं.

“पाव.”

मालकाने काकांच्या हातातलं लांब दांड्याचं फावडं काढून मुक्याला दिलं. मुका पहिल्यांदाच नावाला जागला. काका अंगावरचं पीठ झटकू लागले तेव्हा तो हळूच म्हणाला, “काका, काढू कधी?”

“वास आला तरी थांब. किळस आली की काढ.”

काका घरी बसले. आठवडा गेला असेल नसेल, बायको बाजारातून आली आणि पिशवीतून पाव काढला. “अहो, तुमच्या बेकरीचा. रांग लागली होती, भट्टी भडकवून झटपट काढतात म्हणे. म्हटलं, पाहू तरी.”

शेजारच्या घरात दादा कुणाच्या तरी बालपणाबद्दल बोलत होता. काकांनी सुरी घेतली आणि मोरीशी उभं राहून पावाची पाठ खरवडली. काळा भुगा पांढऱ्या फरशीवर सांडत राहिला. मग पाव मोडून त्यांनी आत बोट दाबलं. बोटाला पीठ चिकटलं.

“कसा आहे?” बायकोने विचारलं.

“वरून जाळलाय,” ते बोट धूत म्हणाले, “आणि आत कच्चा.”