बी बाजूच्या सासूबाई

माझ्या सासूबाई दोनदा गेल्या. पहिल्यांदा आजारपणानं, दुसऱ्यांदा माझ्यामुळे. त्या दुसऱ्या वेळचं पाप मी इतकी वर्षं माझ्या मेव्हण्याच्या नावावर चालवलं. आता बुऱ्हाणपुरातल्या आमच्या नात्यागोत्यात त्या प्रकाराची निरनिराळी वर्णनं फिरताहेत. दुर्दैवानं त्यातलं सगळ्यात वाईट वर्णन खरं आहे, म्हणून ते मीच लिहिलेलं बरं.

सासूबाई जैनाबादच्या. श्रावणात घरी कानबाई बसली की नारळाच्या त्या देवीपुढे त्या गायला बसत आणि बाकीच्या बायका मागून ओळ धरत. गाणी कुठे लिहिलेली नव्हती. सासूबाईंच्या तोंडी होती, तेवढीच. त्यांचा दमा वाढला तसा माझ्या बायकोनं, शालिनीनं, आणि तिचा धाकटा भाऊ वसंता यानं ठरवलं की आईचा आवाज टेप करून ठेवायचा. म्हणजे आईनंतरही घरची कानबाई मुकी राहणार नाही.

मी तेव्हा कागद कारखान्यात होतो आणि कॉलनीत आवाजाचा जाणकार समजला जायचो. (समजणारा मुख्यतः मी.) माझ्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता. रेकॉर्ड मी मखमलीच्या तुकड्यानं पुसायचो, स्वतःचा चष्मा मात्र बनियनला.

"सासूबाईंना साधी कॅसेट? शोभत नाही!" असं म्हणून मी महागातली कॅसेट आणली आणि तिची बी बाजू वर करून लावली.

"दाजी, लोक तर आधी ए बाजू भरतात," वसंता म्हणाला.

"म्हणूनच लोकांचे आवाज चिरके येतात! बी बाजूची पट्टी कमी घासलेली असते."

हे शास्त्र मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. बोलता बोलता सुचलं होतं. पण वसंतानं मान डोलावली, म्हणून मलाही ते पटलं.

सासूबाई गायल्या. चुकून कोणी पुसू नये म्हणून त्या बाजूची प्लॅस्टिकची चकती मी स्वतः मोडली. चकती मोडली की तिथे भोक पडतं आणि त्या बाजूवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. मग सासूबाई गेल्या आणि कॅसेट आमच्या कपाटात देवासारखी राहिली.

आता पाटील. हे आमचे शेजारी. एके दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "रेकॉर्ड काय अन् कॅसेट काय, फरक नाही भाऊ. तुमचे कान जरा जास्त शिकलेत, बस!"

मला हे झोंबलं. मी म्हणालो, एकच गाणं दोन्हींवर ऐकवतो, मग बोला. रेकॉर्डवरून कॅसेटवर उतरवायला चांगली कॅसेट हवी. घरात चांगली एकच होती! पण सासूबाई ए बाजूला, बी कोरी. (माझं शास्त्र मी स्वतःच विसरलो होतो.) बी बाजू लावली तर रेकॉर्डिंगचं बटण दाबेचना. शहाण्या माणसाला इथे कळलं असतं. मला वाटलं, मी तेव्हा चुकीची चकती मोडली. भोकावर चिकटपट्टी लावली आणि बटण दाबलं.

दोन्ही जोडायची तार नव्हती, म्हणून टेप रेकॉर्डर प्लेअरसमोर ठेवला, आणि गाणं चालू असताना माझं व्याख्यानही. मग पाटलांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधून दोन्ही ऐकवली.

"ही दुसरी चांगली," पाटील म्हणाले.

ती कॅसेट होती!

कानबाई जवळ आली तेव्हा मी सासूबाई कशा वाजतात ते बघायला कॅसेटची ए बाजू लावली. ती कोरी निघाली! मग बी लावली. सासूबाईंच्या जागी मीच बोलत होतो.

इथे मी शालिनीला सांगू शकलो असतो. मी पेन्सिल घेतली. कॅसेटच्या चाकात घालून उलटी फिरवली, पट्टी चांगली सैल केली आणि कॅसेट कानबाईपुढे लावायला वसंताला देऊन टाकली. त्याच्या मशीननं ती सगळ्यांसमोर करकरत गिळली.

"अरे, काय मशीन आहे का कडबा कापायचं यंत्र!" सगळ्यांच्या आधी मी ओरडलो.

वसंता रडत पट्टी सोडवत होता. शालिनी एवढंच म्हणाली, "आईला खाल्लंस रे." त्यानंतर दर श्रावणात ती भावाच्या घरी जायची, देवीला हात जोडायची आणि पाणीही न पिता परत यायची. दुरुस्त करतो म्हणून कॅसेट मी घेतली आणि पेटीत पुरली. फेकायची हिंमतही झाली नाही.

यंदा ती शालिनीला सापडली. आमच्या मनीषानं कुठल्याशा कारागिराकडून पट्टी सांधून घेतली, खरखर काढून घेतली आणि कानबाईच्या दिवशी मामाच्या घरी छोटा स्पीकर घेऊन हजर झाली.

"आधी जेवून घेऊ," मी म्हणालो.

"आत्ताच तर राजघाटावर विसर्जन करून आलो, बाबा. आता आजीला ऐकूया ना! एकदम साफ करके दिया है उसने."

साफ म्हणजे काय साफ! माझ्या तरुणपणचा घसासुद्धा ऐकू येत होता. "ऐका पाटील! रेकॉर्डमध्ये गाणारा समोर बसतो. कॅसेटमध्ये तो शेजारच्या घरी बसतो..."

सगळे माझ्याकडे बघू लागले. वसंता सोडून. त्याला आता कमी ऐकू येतं. त्यानं कानाशी हात नेला. "काय बोलतेय आई?"

"सांगा त्याला," शालिनी म्हणाली. "तुम्हीच."

"तो मी आहे," मी पुटपुटलो.

"हं?"

"मी! तुझ्या मशीननं नाही, मी पुसली!"

"मोठ्यानं बोला, दाजी."

"मी पुसली! पट्टीपण मीच सैल केली होती!"

भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "काकाजी, सब ठीक है ना?"

तेवढ्यात स्पीकरमधला मी थांबलो. खट् आवाज झाला आणि सासूबाई आल्या. माझ्या व्याख्यानातून वाचलेली शेवटची ओळ, "ये गं माय, उंबऱ्यात उभी नको राहू," मग एक धाप, आणि पट्टी संपली. शालिनीनं पुढची ओळ म्हणायचा प्रयत्न केला. तिला आठवली नाही. वसंतालाही नाही.

मग वसंता आत गेला आणि बहिणीसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला. ती प्यायली. तो माझ्याकडे वळला. "दाजी, ते मघाचं परत सांगा. नीट ऐकू नाही आलं."

मी ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "अजून एकदा." तेव्हा माझं लक्ष गेलं. ऐकण्याचं मशीन त्याच्या कानात होतं, आणि चालू होतं.

मी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सासूबाईंची गाणी गेली ती गेलीच. माझं मात्र आता सगळ्या गल्लीला तोंडपाठ आहे.