सासूबाईंचा फोन गाडीला जोडला तेव्हा

सासूबाईंना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मान्य नव्हतं ते फक्त त्यांना. कानाच्या मशीनचं नाव काढलं की म्हणायच्या, "तुमीच पुटपुटता." पडलो तरी नाक वर! फोनवर "हां, हां, बरं" करून मोकळ्या व्हायच्या. कशेळ्याच्या धाकट्या बहिणीचा फोन पूर्वी रोज यायचा, तो बंदच झाला. "तिला आता कशाला लागते मी," असं म्हणून संध्याकाळभर गप्प बसायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

परवा आम्ही दोघी शिळफाट्याला बाजाराला गेलो. परत निघताना माझा फोन बंद पडला, आणि गाण्यांशिवाय मला गाडी चालवता येत नाही. म्हणून निघण्याआधी त्यांचाच फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडला. "बिघडवशील माझा फोन," त्यांची कुरकुर चालूच होती. दोन्हीकडे सारखा आकडा आला, मी होकार दाबला आणि आवाज माझ्या सवयीप्रमाणे दणदणीत केला. गाणं लावणार, तोच गाडीत घंटी वाजली. फोन धाकट्या बहिणीचा होता. मी घेतला.

"आक्का, लेकीचा साखरपुडा ठरलाय. सांगायचं म्हणून सांगते. येशील का नाय, तुझी मर्जी."

सासूबाईंनी दचकून मागच्या सीटकडे पाहिलं. तिथे भाजीच्या पिशव्या होत्या.

"असं काय बोलतेस गं?"

"मग कसं बोलू? नातवाचा हात मोडला म्हणून रडत सांगितलं, तर तू म्हणालीस, बरं, बरं. आनि फोन ठेवलास!"

सासूबाईंचा चेहरा पार उतरला. खरं काय ते मीच सांगून टाकणार होते, पण जीभ आवरली. त्या पदराचं टोक चाचपत राहिल्या.

"मला ऐकू येत नाय गं," त्या म्हणाल्या.

मग बहीण एकदम हुंदके देत हसायलाच लागली. "अगं, मग आदी सांगायचं नाय का? मी किती रडले!"

"आता सांगितलं ना. हात बरा हाय का त्याचा? सगळं परत सांग. पयल्यापासून."

माझेही डोळे भरले. रिक्षावाला मागून हॉर्न वाजवत होता, म्हणून गाडी पुढे घ्यायला मी चावीला हात लावला. त्यांना वाटलं, मी बंदच करतेय. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"गाडी बंद करू नको," त्या म्हणाल्या. "आनि त्या मशीनवाल्याकडं कधी नेतेस?"