मदिनामावशीनं न भरलेला चुडा

आता पिंपरीच्या दुकानात बांगड्या खोक्यात मिळतात आणि आपल्याच हातानं चढवाव्या लागतात. कुणी हात हातात घेऊन ‘कशी हायस गं’ विचारत नाही. मला मेलीला मदिनामावशीची फार आठवण येते.

तेव्हा काळेवाडीत बायकांच्या दुखण्यांवर सल्ल्यांची काही टंचाई नव्हती. पाळी चुकली, घे काढा. अंगावरून जातंय, बांध धागा. बाजारात जडीबुटीवाला होता, मासिकात जाहिराती होत्या आणि घराघरात एकेक सासू होती. माझ्या सासूबाई चिमाबाई तर त्यातल्या बालिस्टर. ‘आमी काय पोरं न्हाई काढली?’ म्हटलं की खटला संपला. मी सरू, कंपनीत फर्स्ट शिफ्टला जाणाऱ्या जयसिंगची नवी बायको. मुकाट मान डोलवायची.

मदिनामावशी मणेरीण होती. दर मंगळवारी डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन नदीपलीकडून यायची. ती हात दाबत बांगडी चढवायची आणि तेवढ्यात बायका नवऱ्याला न सांगितलेलंही तिला सांगून मोकळ्या व्हायच्या. तिच्याकडे उत्तरं दोनच. ‘नर्सबाईंनी सांगितलंय’, नाहीतर ‘मला न्हाई ठावं, इचारून येते.’ आणि पुढच्या मंगळवारी खरंच दवाखान्यातून विचारून यायची. आम्ही पोरी हसायचो तिला. एवढी पिकल्या केसांची बाई, आणि हिला काही म्हणजे काही माहीत नाही!

एकोणसत्तर साली मला सातवा लागला. ओटी भरायची म्हणून अंगणात बायका जमल्या, पुरणाचा वास सुटला, आणि मदिनामावशी हिरव्या बांगड्या घेऊन माझ्यासमोर बसली. पाचव्या महिन्यात सव्वादोनची बांगडी सहज गेली होती. आज ती बोटांच्या मुळाशीच अडली.

“साबण लाव की,” आत्याबाई म्हणाल्या. सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणायची.

मावशीनं साबण घेतला नाही. तिनं अंगठ्यानं माझ्या हाताची पाठ दाबली आणि सोडली. खड्डा पडला, तो तसाच राहिला. मग तिनं माझं तोंड निरखलं.

“डोकं दुखतंय का गं?”

चार दिवस दुखत होतं. डोळ्यांपुढं काजवेही चमकत होते. पण सांगणार कुणाला? मी नुसती ‘हो’ म्हणून मान हलवली. मावशीनं पेटी बंद केली.

“आज मी बांगड्या भरणार न्हाई. आधी हिला दवाखान्यात न्या.”

आत्याबाई अशा भडकल्या की बास. “ओटीला बसलेल्या पोरीचा हात मोकळा ठेवतीस? अगं, सूज आली म्हंजी पोरगा हाय. उचल तुझी पेटी.”

“उचलते, पर सरूला घेऊन. न्हाई नेलं, तर हितंच बसून राहीन. आणि माझं चुकलं, तर ह्या आळीत पुन्हा पाय ठेवणार न्हाई.”

या आळीवर तिचं पोट होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. आत्याबाई काहीतरी बोलायला गेल्या आणि त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. खड्डा अजून भरला नव्हता. त्यांनीच टांगा बोलवायला सांगितलं.

नर्सबाईंनी दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळून हवा भरली आणि त्यांचा चेहराच उतरला. त्याच दिवशी मला पुण्याच्या मोठ्या इस्पितळात धाडलं. आणखी चार दिवस गेले असते तर झटके आले असते, दोघंही हाताला लागली नसती, असं तिथल्या डॉक्टरांनी आत्याबाईंना सुनावलं. मी पाच आठवडे तिथं पडून होते. मग नीला झाली. ओंजळीत मावेल एवढी, पण आवाज कंपनीच्या भोंग्यासारखा. पोरगा, पोरगा करणाऱ्या आत्याबाई तिला खाली ठेवीनात.

सव्वा महिन्यानं मदिनामावशी आली. त्याच हिरव्या बांगड्या वर्तमानपत्रात बांधून तिनं जपून ठेवल्या होत्या. आता त्या सर्रकन गेल्या. एक हात भरून झाल्यावर मी विचारलं, “मावशी, तुला कसं गं कळलं?”

ती माझ्या मनगटावरच्या बांगड्या सारख्या करत राहिली.

“पुनावळ्यात एक पोर हुती. तुझ्यावाणीच सातवा, असेच हात. मी साबण लावून चुडा भरला. बाया म्हणाल्या, मदिनाचा हात लई हलका. आठव्या दिवशी पोर झटके येऊन गेली. तोच चुडा हातात हुता.” तिनं उरलेल्या बांगड्या पदरानं पुसल्या. “मग मी नर्सबाईंकडं गेले. माझं काय चुकलं, इचारलं. त्या म्हणाल्या, तुझं काय चुकलं न्हाई, तुला ठावं नव्हतं. तवापासनं ठावं नसलं की सांगते बाई, मला ठावं न्हाई.”

तिला हसायचो ते आठवून मला रडू आवरेना. मी दुसरा हात तिच्यापुढं केला.