ठरावाआधीच आभार

गावातल्या तरुण पोरापोरींचं म्हणणं मोठ्यांच्या कानावर घालणं हे माझं संस्थेतलं काम, आणि या कामातला माझा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे सत्कार. मुळशी धरणाकडच्या कुठल्याही गावात जा, माणूस खुर्चीत टेकला रे टेकला की शाल आलीच. घरी शालींचा ढीग झालाय. आई म्हणते, दुकान काढ.

त्या ग्रामसभेत मात्र मला सत्कार परवडणारा नव्हता. गावात येणारी संध्याकाळची एसटी बंद झाली होती. संस्थेच्या इथल्या युवा गटातली बारावीची पोरगी कॉलेजातून येताना फाट्यापासून अंधारात चालत यायची. तिच्या वडिलांनी आदल्या दिवशी मला अंगणातच सुनावलं, "बस न्हाई तर कालिज बी न्हाई, ताई. सोमवारपासनं ती घरीच." बस परत मागायची तर आधी ग्रामसभेचा ठराव हवा. पोरीनं सभेत मांडायची मागणी पाठ केली होती. तालीम घेऊन घेऊन माझाच घसा बसला होता.

आणि सभेत काय झालं? सत्कार! सरपंचांनी माझा केला, मग माझ्या हस्ते उपसरपंचांचा, मग खुर्च्या पाठवणाऱ्या रिसॉर्टवाल्या पाहुण्यांचा. पाहुणे बोलायला उठले ते बसेचनात. मी मधेमधे हात वर करत होते. सरपंच हसून म्हणाले, "बसा हो म्याडम, लई दमलाय तुमी." माझं डोकं असं फिरलं! तेवढ्यात त्यांनी जाहीर केलं, "आता ताईंच्या गटातली कन्या आभार मानंल, आन् सभा संपंल." गावच्या कार्यक्रमात पोरींना दोनच कामं, स्वागतगीत आणि आभार. झालं, गेली बस, मी मनात म्हटलं.

पोरगी माइकपाशी गेली. "सरपंचांचे आभार." टाळ्या. "पाहुण्यांचे आभार." टाळ्या. "संध्याकाळची एसटी परत सुरू करावी, हा ठराव आज एकमतानं मंजूर केल्याबद्दल समस्त ग्रामस्थांचे आभार." टाळ्या! हात सवयीनंच वाजले. सरपंचही वाजवत होते. मधेच थांबून त्यांनी ग्रामसेवकाला विचारलं, "भाऊसाहेब, ह्यो कवा केला?"

"आत्ताच की. तुमीबी टाळ्या वाजवल्या."

अख्खी सभा खदाखदा हसली. सरपंचांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. शपथ घेऊन सांगते, यात माझा काहीच हात नव्हता. शेवटी म्हणाले, "लिवा मग!"

मी उठायला लागले, पण पोरगी माइक सोडेना. "आणि बस सुरू होईपर्यंत रोज मला फाट्यावर न्यायला येणार असल्याबद्दल माझ्या पप्पांचे..." इथं ती अडखळली आणि शेवटच्या रांगेकडे बघू लागली.

सगळ्या माना मागं वळल्या. शेवटच्या रांगेत वडील बसले होते, टाळीसाठी उचललेले हात तसेच अधांतरी. ते उठले, खाकरले.

"फाट्यावच थांबत जा," ते म्हणाले, "एकटी निगायचं न्हाई."