मोड आलेल्या मुगाचं देणं

मंडळी, आज घोर अन्याय झाला. सकाळचं चालून आलो, तर नागपुरात जरीपटक्यातल्या आपल्या पोहेवाल्यानं पोह्यांवर तेलाची झणझणीत तर्री अर्धीच पळी वाढली!

भांडायला तोंड उघडलं आणि आठवलं, शेजारी दिवाकर नाही. रोजचा माझा चालण्यातला सोबती. रोज ओरडायचा, "आत्ता कुठं चरबी जळून राहिली गा, वरून तेल काहून ओततं? जरा थांब, मग मोड आलेले मूग खा."

"उद्यापासून," मी म्हणायचो.

तर्री मी ओरपली, मूग त्यानं खाल्ले. आणि गेल्या आठवड्यात हृदय त्याचं थांबलं. जाब कुणाला विचारायचा, सांगा?

त्या 'उद्यापासून'चं, त्याचं एवढं एकच देणं माझ्याकडे राहिलं होतं. पोहे परत केले. घरी येऊन मूग भिजत घातले.